प्रभार जातो कुठे?

पावसाळा सुरू झाला की विजेच्या प्रयोगांबद्दलची पत्रं वाढतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: 'केलं तसंच, पण चाललं नाही.' प्रभार (विद्युतभार, चार्ज) तयार करणं सोपं आहे, कंगवाही तो करतो. तो जागेवर टिकवणं मात्र कठीण. म्हणून या वेळी निवडलेल्या पत्रांना उत्तरं देताना प्रत्येक वेळी आम्ही एकच गोष्ट शोधली आहे: प्रभार कोणत्या वाटेने निघून गेला, किंवा कोणत्या वाटेने जायला हवा होता.

प्रश्न : आमच्या शाळेचं विज्ञान प्रदर्शन ऑगस्टमध्ये आहे. सोन्याच्या पत्र्याऐवजी किचन फॉइल वापरून मी विद्युतदर्शी (प्रभार आहे का ते दाखवणारं उपकरण) केला. बरणीला पुठ्ठ्याचं झाकण आहे, त्यातून आत गेलेल्या तारेच्या टोकाला फॉइलची दोन पानं टांगली आहेत. कंगवा केसांवर घासून वर धरला की पानं जराशी उघडतात आणि कंगवा तिथेच असताना मिटतात. सर म्हणाले, दमट हवेतून वीज निघून जाते. मग मुंबईकडे पावसाळ्यात हा प्रयोग होणारच नाही का?
— इयत्ता नववी, डोंबिवली

उत्तर : होईल. आधी तू जे पाहिलंस ते नीट समजून घे, कारण 'कंगवा तिथेच असताना मिटतात' हे तू लिहिलंस तीच सगळ्यात कामाची नोंद आहे. कंगवा दूर नेल्यावर पानं मिटली असती तर उपकरण ठीक आहे असं म्हटलं असतं. ऋणप्रभारित कंगव्याने तारेतले इलेक्ट्रॉन खाली पानांकडे ढकलले, कंगवा गेला की ते परत वर आले, इतकंच. कंगवा जागेवर असताना पानं मिटतात याचा अर्थ खाली ढकललेले इलेक्ट्रॉन झाकणातून बाहेर गळताहेत. खात्री करायची असेल तर पानं मिटल्यावर कंगवा झटकन दूर ने. पानं क्षणभर पुन्हा उघडतील. इलेक्ट्रॉन निघून गेल्यामुळे तार आता धनप्रभारित झालेली असते.

सरांचं निरीक्षण बरोबर आहे, पण वाट हवेतून नाही. बाष्प असलेली हवा स्वतः काही चांगली वाहक नसते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की काच, पुठ्ठा, लाकूड, सुती दोरा यांच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो. त्यात बोटांच्या घामातलं मीठ विरघळतं आणि तो थर वाहक बनतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. तुझं पुठ्ठ्याचं झाकण तर आतपर्यंत ओलं आहे. प्रभाराच्या दृष्टीने ती तार थेट जमिनीला जोडल्यासारखीच झाली.

झाकण बदल. जॅमच्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण घेऊन मधोमध दीड-दोन सेंटिमीटरचं भोक पाड. खालून सेलोटेप लाव, मधून तार उभी धर आणि भोकात मेणबत्तीचं वितळलेलं मेण ओत. मेण ताई किंवा आईबाबांपैकी कुणाच्या तरी देखत, गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळव, थेट आचेवर नको. मेण उत्तम विसंवाहक आहे आणि पाणी त्याच्यावर पसरत नाही, थेंब होऊन राहतं. तार आणि झाकण यांच्यामध्ये सगळ्या बाजूंनी निदान पाच मिलिमीटर मेण असलं पाहिजे. काळं रबरी बूच अजिबात वापरू नकोस. काळेपणासाठी त्यात कार्बन असतो आणि त्यातूनच प्रभार निघून जातो. पुष्कळ मुलं इथेच फसतात.

तार १४ गेजची उघडी तांब्याची, १५ सेंटिमीटर. वरच्या टोकाला फॉइलचा अडीच-तीन सेंटिमीटरचा गोळा घट्ट दाबून बसव आणि गुळगुळीत कर. तारेचं टोक बाहेर राहिलं तर त्या अणकुचीदार जागेवरून प्रभार हवेत गळतो. खालच्या टोकाला आडवा आकडा. पानं प्रत्येकी ४ सेंटिमीटर लांब, ५ मिलिमीटर रुंद, शक्यतो ११ मायक्रॉनच्या फॉइलची. नखाने सपाट करून घे. पानाचं वरचं छिद्र तारेपेक्षा स्पष्ट मोठं हवं, नाहीतर पान आकड्यावर अडकतं आणि आपल्याला वाटतं प्रभारच नाही. बरणीच्या तळाशी दोन चमचे निळी सिलिका जेल टाक. ती गुलाबी झाली की बदलायची.

प्रदर्शनाच्या दिवशी हेअर ड्रायर जवळ ठेव. दर अर्ध्या तासाने मेणाच्या वरच्या बाजूवर दोन मिनिटं कोमट हवा सोड. मेण मऊ पडेल इतकी गरम नको. ३० अंशांची ८५ टक्के दमट हवा ४५ अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता ३८ टक्क्यांच्या आसपास येते. हवेत पाणी तेवढंच, पण आता ते पृष्ठभागावर बसत नाही.

कंगव्याऐवजी इलेक्ट्रिशियन वापरतात तो २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घे, ३० सेंटिमीटर. साबणाने धू, पूर्ण सुकव आणि घासायच्या टोकाला नंतर हात लावू नकोस. लोकरीच्या तुकड्याने दहा-बारा वेळा घास. पाइप गोळ्यापासून पाच सेंटिमीटरवर धर, दुसऱ्या हाताचं बोट गोळ्याला लाव, आधी बोट काढ, मग पाइप दूर ने. पानं उघडीच राहतील, आणि त्यांच्यावरचा प्रभार पाइपच्या उलट, म्हणजे धन असेल. क्रम चुकला आणि पाइप आधी गेला तर बोटातून इलेक्ट्रॉन परत वाटणी करून घेतात आणि हाती काही लागत नाही.

प्रश्न : अकरावीला कूलोमचा नियम शिकवते. मुलं सूत्र पाठ करतात, पण ते बळ खरंच किती असतं याची त्यांना कल्पना येत नाही. प्रयोगशाळेत उपकरण नाही. वर्गात मोजून दाखवता येईल असं काही सुचवाल का?
— शिक्षिका, परळ

उत्तर : दोन कुरमुरे पुरतात, बाई. दोन प्रभारांमधलं बळ त्यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, हे दाखवायला कूलोम यांनी १७८५ मध्ये पीळ-तराजू (तारेच्या पिळावरून बळ मोजणारा) वापरला. आपण लंबक वापरू.

एकसारखे तीन कुरमुरे निवडा आणि प्रत्येकाला दोन बाय दीड सेंटिमीटरचा किचन फॉइलचा तुकडा गुंडाळा. कडा दाबून गोल करा. असे वीस करून सोनाराच्या काट्यावर एकत्र वजन करून घ्या. एकेकाचं वजन शाळेच्या तराजूवर कळणार नाही. वीस मिळून ०.६ ग्रॅम भरले असं धरू, म्हणजे एकाचं ०.०३ ग्रॅम. कुरमुरा सादळला असला तरी चालतो, कारण प्रभार फॉइलवर पसरायचाच आहे. धागा मात्र सादळता कामा नये. सुती दोरा नको. शिलाईच्या सामानात मिळणारा बारीक पारदर्शक नायलॉनचा धागा घ्या. प्रत्येक कुरमुरा दोन धाग्यांनी, इंग्रजी व्ही अक्षरासारखा टांगा, म्हणजे तो गोल फिरणार नाही. टांगल्या जागेपासून उभं अंतर ४० सेंटिमीटर. त्यांतले दोन कुरमुरे एकमेकांना नुसते टेकलेले असू द्या, तिसरा नंतर लागेल.

घासलेला पीव्हीसी पाइप दोघांना लावा. आधी ते पाइपकडे झेप घेतील, कारण पाइपसमोरच्या बाजूला विरुद्ध प्रभार सरकतो आणि जवळच्या बाजूचं आकर्षण लांबच्या बाजूच्या प्रतिकर्षणाहून जास्त पडतं. टेकताच पाइपचा प्रभार घेऊन ते उडतील आणि एकमेकांपासूनही दूर जातील. एकमेकांना टेकलेले असताना वाटणी झाल्यामुळे दोघांवर जवळपास सारखाच प्रभार असतो.

अंतर पट्टी जवळ नेऊन मोजू नका, पट्टीच त्यांना ओढून घेते. तीन मीटरवरून टॉर्चचा उजेड टाका, कुरमुऱ्यांच्या मागे ३० सेंटिमीटरवर आलेखाचा कागद लावा आणि सावलीतलं अंतर मोजून १.१ ने भागा.

समजा केंद्रांमधलं अंतर ४ सेंटिमीटर निघालं. प्रत्येक कुरमुरा मध्यापासून २ सेंटिमीटर सरकला आहे, ४० मध्ये २, म्हणजे ढळ ०.०५. प्रतिकर्षणाचं बळ म्हणजे वजनाचा विसावा भाग: ०.०३ ग्रॅमचं वजन ०.०००२९४ न्यूटन, त्याचा विसावा भाग ०.००००१४७ न्यूटन. स्थिरांक ९०० कोटी घालून सूत्र सोडवलं की प्रत्येकावर १.६ नॅनोकूलोम प्रभार येतो. एका इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने भागा: एक हजार कोटी इलेक्ट्रॉन.

इथे थांबून मुलांना विचारा की एका कुरमुऱ्यात एकूण इलेक्ट्रॉन किती? साधारण पदार्थात ग्रॅमला ३ वर २३ शून्यं इतके असतात. हिशेब केला की दर ९० हजार कोटी इलेक्ट्रॉनांमागे फक्त एक जादा आला, आणि तेवढ्याने कुरमुरा सगळ्या पृथ्वीच्या ओढीविरुद्ध तिरका झाला, असं निघतं. धन आणि ऋण किती काटेकोर समतोलात असतात हे याहून चांगलं दाखवणारा प्रयोग आमच्या माहितीत नाही.

आता वर्गव्यस्ताची परीक्षा. एका कुरमुऱ्याला प्लास्टिकच्या स्ट्रॉने बाजूला धरा. तिसरा, प्रभार नसलेला कुरमुरा त्याच्याच धाग्याने धरून दुसऱ्याला टेकवा आणि लांब न्या. दुसऱ्याचा प्रभार निम्मा झाला. पहिला सोडून द्या. कुरमुऱ्यांना परत आत ओढणारं बळ अंतराच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे नियम खरा असेल तर अंतराचा घन प्रभारांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, म्हणून ४ सेंटिमीटरचं अंतर सुमारे ३.२ व्हायला हवं. बळ अंतराच्या वर्गाऐवजी नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतं तर ते २.८ झालं असतं. ४ मिलिमीटरचा फरक सावलीत सहज दिसतो. प्रभार गळत असेल तर उत्तर ३.२ च्या खाली घसरेल, म्हणून आधी काहीही न करता एक मिनिट थांबून अंतर किती घटतं ते नोंदवा. एका मिनिटात दोन मिलिमीटरपेक्षा जास्त घटलं तर धागे ड्रायरने सुकवून पुन्हा सुरुवात करा. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपार मिळाली तर त्याच दिवशी हा तास घ्यावा.

प्रश्न : घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार वाकते. पाण्याचे रेणू ध्रुवीय असल्यामुळे असं होतं, असं वाचलं. बरोबर आहे ना?
— वाचक, गिरगाव

उत्तर : ध्रुवीय रेणू हे कारण थोडा हातभार लावतं, पण एवढ्या मोठ्या वाकण्याला ते पुरत नाही. नळाचं पाणी वाहक आहे आणि तोटीमार्गे जमिनीला जोडलेलं आहे. ऋणप्रभारित कंगवा जवळ आला की धारेतला ऋणप्रभार तोटीकडे मागे सरतो आणि खाली पडणारी धार धनप्रभारित होते. पडताळायचं असेल तर खाली प्लास्टिकच्या टपात स्टीलचा डबा ठेवा, तोटीजवळ, जिथे धारेचे थेंब होऊ लागतात तिथे, कंगवा धरा, पण धार त्याला लागू देऊ नका. डब्याला तार लावून वरच्या पत्रातल्यासारख्या विद्युतदर्शीला जोडा. पानं उघडतात. धार दोन मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर फारसं काही दिसत नाही, आणि कंगव्यावर एक थेंब जरी उडाला तरी तो पुसून पुन्हा घासावा लागतो.

याच युक्तीवर, म्हणजे प्रवर्तनाने प्रभार देऊन तो वाहून नेण्यावर, कुलाब्याच्या टीआयएफआरमधला (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला) पेलेट्रॉन हा कणांना वेग देणारा त्वरक चालतो. तिथे पाण्याच्या थेंबांऐवजी नायलॉनने जोडलेल्या धातूच्या गोळ्यांची साखळी असते आणि ती १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत विभव (व्होल्टेज) चढवू शकते.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवर मोबाइल-लॅपटॉप दुरुस्ती शिकतोय. चांगला चाललेला बोर्ड दुरुस्तीनंतर आठ-पंधरा दिवसांनी परत येतो, आयसी गेलेली असते. सेठ म्हणतात, मनगटाला अर्थिंगचा पट्टा लाव. पण मुंबईच्या हवेत स्टॅटिक कुठून येणार? आणि पट्ट्यात एक मेगओहमचा रेझिस्टर असतो, मग तो अर्थिंग कसला?
— शिकाऊ तंत्रज्ञ, ग्रँट रोड

उत्तर : सेठ बरोबर सांगताहेत. रस्त्यावर दमट असतं, पण दुकानात दिवसभर एसी चालतो, खुर्ची फोमची, शर्ट टेरिकॉटचा. खुर्चीतून नुसतं उठलं तरी अंगावर हजार-दोन हजार व्होल्ट येऊ शकतात आणि ते तुम्हाला कळत नाहीत, कारण साधारण ३,००० व्होल्टच्या खाली माणसाला ठिणगी जाणवतच नाही. मॉसफेटच्या (आयसीतल्या बारीक ट्रान्झिस्टरच्या) गेटला मात्र वीसेक व्होल्टच सहन होतात. पुष्कळदा ठिणगी गेटचा थर पूर्ण फोडत नाही, त्यात बारीक इजा करून सोडते. बोर्ड टेस्टला पास होतो आणि आठवड्याने परत येतो. तुमच्याकडे होतंय ते यासारखं दिसतं. मात्र सगळा दोष स्टॅटिकवर टाकू नका. हॉट एअरचं तापमान जास्त ठेवल्यानेही नेमकं असंच होतं, तेही तपासा.

मेगओहमचं गणित असं. माणसाच्या शरीराची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) साधारण १०० पिकोफॅरड. त्याला एक मेगओहम जोडला की प्रभार उतरायला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. हात उचलून आयसीपर्यंत नेण्याच्या कितीतरी आधी तुम्ही रिकामे झालेले असता. आणि चुकून दुसरा हात २३० व्होल्टला लागला तर पट्ट्यातून फक्त ०.२३ मिलिअँपिअर जातो. रेझिस्टर काढून थेट तार जोडली तर तोच पट्टा जीव घेईल. तरीही चालू एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) उघडून तपासताना पट्टा काढूनच ठेवायचा.

रोज सकाळी मल्टिमीटरचं एक टोक चिमटीत धरा, दुसरं पट्ट्याच्या प्लगला लावा. एक ते दोन-तीन मेगओहम दिसायला हवेत. वीस-तीस दिसले तर पट्टा सैल आहे किंवा मनगट फार कोरडं आहे. थोडं मॉइश्चरायझर लावलं की आकडा खाली येतो. काहीच दिसलं नाही तर आतली तार तुटली आहे, आणि ती बहुधा बटणापाशीच तुटते. पट्टा बाहीवरून बांधणं, क्रोकोडाइल क्लिप रंग दिलेल्या रॅकला लावणं, बेंचवरच्या मॅटला पट्टा जोडून मॅटच मोकळी सोडणं, या तिन्ही गोष्टींत पट्टा नुसता शोभेचा राहतो.

आता अर्थिंग. जुन्या इमारतींतल्या पोटमाळ्यावरच्या दुकानांत तिसरी पिन पुष्कळदा कुठेच जोडलेली नसते. फेज ते अर्थ मोजा, २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ ८० किंवा १२० असं अर्धवट काहीतरी आलं तर अर्थची तार अधांतरी आहे, परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोवर न्यूट्रलला पट्टा जोडण्याचा 'जुगाड' कुणी सुचवला तर करू नका. वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले तर बेंचवरची मॅट, आयर्न, तुम्ही, सगळेच फेजला बांधले जाता.

ग्राहक 'लॅपटॉपच्या पत्र्याला झिणझिण्या येतात' म्हणतात ते स्टॅटिक नव्हे. अर्थ नसलेल्या चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून ०.१-०.२ मिलिअँपिअर सतत झिरपत असतो. तीन पिनचा चार्जर खऱ्या अर्थला जोडला की थांबतं. तुमचा सोल्डरिंग आयर्नही तसाच झिरपत असेल तर पट्टा लावूनही आयसी जाईल, म्हणून त्याच्या टोकापासून अर्थ पिनपर्यंत एक-दोन ओहम येतात का ते आजच पाहा.

प्रश्न : घोडबंदरहून अंधेरीला रोज गाडीने जाते. डिसेंबर-जानेवारीत गाडीतून उतरून दार लावताना हमखास चटका बसतो. मागे जमिनीला घासणारी रबरी पट्टी लावून घेतली, उपयोग शून्य. पेट्रोल पंपावर याने धोका आहे का?
— वाचक, ठाणे

उत्तर : पट्टीचा उपयोग होणार नव्हता, कारण प्रभार गाडीवर नाही, तुमच्यावर आहे. बसलेल्या असताना कपडे आणि सीट कव्हर यांनी प्रभाराची देवाणघेवाण केलेली असते, पण दोघं चिकटून असल्यामुळे परिणाम जाणवत नाही. तुम्ही उठून दूर झालात की विरुद्ध प्रभार मागे राहतो, धारिता घटते आणि तेवढ्याच प्रभाराचं विभव एकदम चढतं. त्या दिवसांत वारं जमिनीकडून येतं, कोरडं असतं, आणि बुटांचे तळवे रबराचे. प्रभाराला उतरायला वाट फक्त तुमच्या बोटाची.

उपाय साधा आहे. सीटवरून उठायच्या आधीच दाराच्या चौकटीचा उघडा धातू धरा आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकेपर्यंत सोडू नका. रंगावर हात ठेवून भागत नाही. विसरलात तर आधी किल्लीचं टोक धातूला लावा. ठिणगी किल्लीवर पडेल, त्वचेवर नाही. पॉलिएस्टर कव्हरवर सुती चादर टाकली तर निम्मा त्रास जातो.

पंपावर धोका खरा आहे. १०० पिकोफॅरड आणि ३,००० व्होल्ट धरले तर ठिणगीची ऊर्जा ०.४५ मिलिज्यूल होते. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल तर तिला पेटायला पाव मिलिज्यूल पुरतं. म्हणजे जेमतेम जाणवणारी ठिणगीही पुरेशी आहे. आपल्याकडे नळी कर्मचारी धरतो, त्यामुळे तुम्ही गाडीत बसून राहिलात तर प्रश्न येत नाही. उतरलातच, तर टाकीच्या तोंडापासून लांब धातूला हात लावून रिकाम्या व्हा, आणि पेट्रोल भरून होईपर्यंत परत आत बसू नका. परत बसून पुन्हा उतरलं की प्रभार नव्याने येतो. प्लास्टिकच्या कॅनमध्ये किंवा बाटलीत पेट्रोल घेऊ नका. वाहतं पेट्रोल स्वतःच प्रभार आणतं आणि प्लास्टिक तो उतरू देत नाही.

प्रश्न : लोकलच्या वरच्या तारेला प्रत्यक्ष न शिवताही शॉक बसतो म्हणतात. कसं शक्य आहे? आणि तारेची वीज बंद केल्यावरही कामगार आधी दांडे का अडकवतात?
— वाचक, कुर्ला

उत्तर : १९२५ साली बोरीबंदर-कुर्ला विजेवर सुरू झालं तेव्हा तारेत १,५०० व्होल्ट डीसी होता. २०१६ पर्यंत मुंबईचे सगळे उपनगरी मार्ग २५,००० व्होल्ट एसीवर आले. एसीचा शिखर आकडा त्याहून मोठा, सुमारे ३५,००० व्होल्ट. टोकदार वस्तूसमोर एवढा दाब तीन-चार सेंटिमीटर हवा फोडून उडी मारतो. बोट, छत्रीचं टोक, पाण्याची धार हे सगळं टोकदारच. हे अंतर ऐकून कुणी 'मग पाच सेंटिमीटरवर ठीक' असा हिशेब करू नये. तार पेंटोग्राफखाली (गाडीच्या टपावरच्या, तारेला टेकणाऱ्या सांगाड्याखाली) उसळते, माणूस डब्याच्या धक्क्याने हलतो, पावसात छत्री ओली असते. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनाही वीज बंद करून परवाना मिळाल्याशिवाय दोन मीटरच्या आत जाता येत नाही.

दांड्यांचं कारण पहिल्या पत्रातल्या विद्युतदर्शीसारखंच आहे. वीज बंद केलेली तार अधांतरी असते आणि शेजारच्या मार्गाची तार २५,००० व्होल्टवर चालूच असते. प्रवर्तनाने बंद तारेवर प्रभार सरकतो आणि हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. म्हणून डिस्चार्ज रॉडचा (म्हणजे या दांड्याचा) क्लॅम्प आधी रुळाला आणि मगच वरचं टोक तारेला, कामाच्या दोन्ही बाजूंना. काढताना क्रम बरोबर उलटा. आधी तारेला लावला तर रॉडची तार आणि ती धरणारा माणूस यांच्यातूनच प्रभार वाट काढतो.

प्रश्न : आमच्या सात मजली इमारतीवर वीजरोधक बसवायचा आहे. ठेकेदार म्हणतो, त्याच्या दांड्याचं टोक ढगातली वीज हळूहळू शोषून घेतं, त्यामुळे वीज पडतच नाही, आणि तारही एकच पुरते. सभासदांना काय सांगू?
— सोसायटीचे सचिव, मुलुंड

उत्तर : शोषून घेण्याचा दावा आकड्यांत टिकत नाही. टोकातून हवेत गळणारा प्रवाह वादळात फार तर दहा-वीस मायक्रोअँपिअर असतो. दहा मायक्रोअँपिअर धरला तर दहा मिनिटांत ६ मिलिकूलोम उतरले. ढगात वीसेक कूलोम प्रभार असतो, त्याच्या तीन हजाराव्या भागाहूनही कमी, आणि ढग तो तितक्या वेळात पुन्हा भरून काढतो. वीजरोधक वीज टाळत नाही. पडणारी वीज भिंतीतून, पाइपातून, वायरिंगमधून जाण्याऐवजी ठरलेल्या वाटेने जमिनीत नेतो. काम तेवढंच आहे, पण ते चोख करावं लागतं.

एक तार पुरत नाही. सरासरी विजेचा प्रवाह ३०,००० अँपिअर असतो. तो दोन-चार वाटांनी विभागला तरच इमारतीतल्या धातूंकडे उडी मारण्याची शक्यता घटते. भारतीय मानक ६२३०५ नुसार कोणत्याही इमारतीला निदान दोन उतरत्या वाटा हव्यात, आणि तिसऱ्या वर्गाच्या संरक्षणात परिघावर साधारण दर १५ मीटरला एक. इमारत २० बाय १५ मीटर असेल तर परीघ ७० मीटर, म्हणजे पाच. कोणता वर्ग लागतो याचा हिशेब लेखी मागा. २५ बाय ३ मिलिमीटरची तांब्याची पट्टी असेल तर छेद पुरेसा आहे. पट्टी छज्ज्याभोवती काटकोनात वळवून परत वर नेलेली दिसली तर ती जागा बदलून घ्या, वीज असं वळण घेत नाही, मधली हवा फोडून सरळ जाते. तांबं आणि जस्ती लोखंड थेट एकमेकांना बोल्ट करू देऊ नका. मुंबईच्या खाऱ्या हवेत तो सांधा दोन-तीन पावसाळ्यांत गंजून जातो, मध्ये द्विधातू जोडणी हवी.

अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत मागतात. पण १० ओहम आणि ३०,००० अँपिअर म्हणजे क्षणभर तीन लाख व्होल्ट, हेही सभासदांना सांगा. म्हणूनच पाण्याचे आणि गॅसचे पाइप, लिफ्टचे रूळ, टेरेसवरच्या टाकीची शिडी आणि डिशचा खांब, सगळे एकमेकांना आणि त्याच अर्थिंगला जोडायचे, आणि मुख्य मीटर बोर्डवर सर्ज प्रोटेक्टर बसवायचा. हे अंदाजपत्रकात नसेल तर काम अर्धंच आहे.

प्रत्येक पट्टीवर जमिनीपासून दीड मीटरवर उघडता येणारा चाचणी सांधा मागा. तो नसेल तर एकेका अर्थिंग खड्ड्याचा रोध वेगळा मोजताच येत नाही. आणि मोजणी मे महिन्यात, पहिला पाऊस पडायच्या आधी करा. जुलैत ओल्या मातीवर ६ ओहम दाखवणारा खड्डा मेमध्ये २० दाखवू शकतो, आणि आपल्याकडे मोसमातली पहिली गडगडाटी वादळं नेमकी मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, कोरड्या जमिनीवरच येतात.